मॅलेट : ग्राव्हीलपासून माथेरानपर्यंत एका नॉर्मन आडनावाचा माग

घाटवाट
माथेरानविषयी काहीही वाचायला घेतले की ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट यांचे नाव पहिल्या परिच्छेदातच येते. मे १८५० मध्ये ते चौक गावाकडून डोंगर चढून वर आले आणि त्यानंतर माथेरानची थंड हवेचे ठिकाण म्हणून घडण सुरू झाली. पेशवाईच्या उत्तरार्धाचा अभ्यास करणाऱ्यांना दुसरे मॅलेट ठाऊक असतात, ते म्हणजे सवाई माधवरावांच्या दरबारातील इंग्रजांचे पहिले रेसिडेंट सर चार्ल्स वॉर मॅलेट. इंग्लंडच्या इतिहासात तिसरे मॅलेट भेटतात. हे विल्यम मॅलेट १०६६ मध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमच्या बाजूने लढले.

कलेक्टर हे रेसिडेंटांचेच चिरंजीव होते, त्यामुळे त्या दोघांविषयी प्रश्न उरत नाही. मात्र पुण्याच्या मॅलेटांचे घराणे हेस्टिंग्जच्या मॅलेटापर्यंत खरोखर पोहोचते का, की केवळ आडनाव सारखे आहे म्हणून तसे मानले गेले, हे मला समजून घ्यायचे आहे. या आडनावाच्या इतर नामवंतांविषयीही येथे माहिती एकत्र व्हावी, अशी इच्छा आहे.

नेरळकर
एक नोंद आधीच करून ठेवतो. मॅलेटांनी माथेरान 'शोधले' असे लिहू नये. त्या डोंगरावर ठाकूर, कातकरी आणि धनगर यांचा वावर पूर्वीपासून होता. वाटा त्यांच्या होत्या आणि पाणी कोठे आहे हेही त्यांनाच माहीत होते. मॅलेट दुसऱ्यांदा चढले तेव्हा वाट दाखवायला खालच्या गावातील माणसाला बरोबर घेऊनच चढले. वन ट्री हिलच्या बाजूने वर जाऊन ते रामबागेच्या बाजूने उतरले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत येऊन त्यांनी राहण्यासाठी घर बांधायला घेतले. ते घर 'बाइक' या नावाने ओळखले जाते.

घाटवाट
नेरळकर, आपले म्हणणे मान्य आहे. यापुढे 'माथेरानला वसाहत सुरू करणारे' असेच लिहीन.

दुर्गभ्रमर
हेस्टिंग्जच्या विल्यम मॅलेटांपासून सुरुवात करू. नॉर्मंडीत सीन नदीच्या मुखाशी ग्राव्हील नावाची त्यांची जहागीर होती. आज ते ठिकाण ल हाव्र शहराच्या पोटात गेले आहे. शहर १५१७ मध्ये वसले आणि ग्राव्हीलचे गाव १९१९ मध्ये त्यात विलीन झाले. सेंट ऑनोरीनचे जुने चर्च मात्र टेकडीच्या उतारावर अजून उभे आहे.

बाराव्या शतकातील कवी वास याने नॉर्मन ड्यूकांवरील आपल्या पद्यबखरीत हेस्टिंग्जच्या रणातील या मॅलेटांचे चित्र रंगवले आहे. ते तलवार चालवत इंग्रजांच्या गर्दीत शिरतात, त्यांची ढाल फुटते, अंगाखालचा घोडा मारला जातो, आणि माँफोरचा सरदार व विल्यम द व्ह्यू-पाँ हे दोघे आपली माणसे घेऊन धावून आले म्हणूनच ते वाचतात. वास हा लढाईनंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहीत होता, त्यामुळे घोड्यासारखा तपशील जपूनच घ्यावा लागतो. परंतु विल्यम मॅलेट त्या स्वारीत होते, याला प्वातियेच्या विल्यमचा म्हणजे जवळजवळ समकालीन लेखकाचा आधार आहे.

त्याची नोंद मला अधिक महत्त्वाची वाटते. लढाईत राजा हॅरल्ड मारला गेला. त्याच्या आईने मुलाच्या देहाच्या भारोभार सोने देऊ केले, तरी ड्यूकने तो देह तिला दिला नाही आणि दफनासाठी विल्यम मॅलेटांच्या स्वाधीन केला. आणखी एका जुन्या लॅटिन काव्यात हे दफन करणाऱ्याचे नाव येत नाही, पण तो अर्धा नॉर्मन आणि अर्धा इंग्रज होता व हॅरल्डशी त्याचा स्नेहसंबंध होता, असे म्हटले आहे. हे दोन्ही उल्लेख जोडून मॅलेटांची आई इंग्रज असावी, असा तर्क पुष्कळ अभ्यासकांनी केला आहे. तो सिद्ध झालेला नाही. तरीही शत्रूच्या राजाचा देह कोणाच्या हाती सोपवायचा हा प्रश्न आल्यावर ड्यूकला हाच माणूस आठवला, यावरून दोन्ही बाजूंना त्यांच्याविषयी काही विश्वास असावा, असे मला वाटते.

अनुराधा_व
दुर्गभ्रमर, त्या दफनाबद्दल दुसरी परंपराही आहे ना? हॅरल्डचे थडगे वॉल्थमच्या मठात असल्याचे मानतात.

दुर्गभ्रमर
होय, अनुराधाताई. वॉल्थमच्या मठवासीयांनी तसा दावा चिकाटीने केला आणि तो सर्वत्र रूढ झाला. आधी मॅलेटांच्या हातून समुद्रकाठी दफन आणि नंतर मठात स्थलांतर, असे म्हणून दोन्हींचा मेळ घालणारेही आहेत.

विल्यम मॅलेटांची पुढची कारकीर्द सुखाची नव्हती. सफोकमध्ये आय येथे त्यांनी किल्ला बांधला आणि यॉर्कशायरचे शेरीफपदही त्यांच्याकडे आले. सप्टेंबर १०६९ मध्ये डॅनिश आरमार आणि बंडखोर इंग्रज यांनी मिळून यॉर्क घेतले, तेथील नॉर्मन शिबंदी कापून काढली आणि मॅलेटांना पत्नी व मुलांसह कैद केले. पुढे त्यांची सुटका झाली, पण १०७१ च्या सुमारास ते वारले. ते दलदलीच्या प्रदेशात गेले असल्याचा उल्लेख डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या जमीनपाहणीच्या नोंदग्रंथात, सापडतो. त्यामुळे ईलीच्या दलदलीत हेरवर्डच्या बंडाविरुद्धच्या मोहिमेत त्यांचा अंत झाला असावा, असे मानतात.

त्यांचा मुलगा रॉबर्ट मॅलेट १०८६ च्या डूम्सडे पाहणीच्या वेळी सफोकमधील सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक होता. आय येथील मठाची स्थापना त्याचीच. बाराव्या शतकाच्या आरंभी मात्र ही सगळी जहागीर या घराण्याच्या हातून गेली आणि पुढे जो राजा स्टीफन झाला त्या ब्ल्वाच्या स्टीफनकडे आली.

मोडीवाचक
मूळ प्रश्नाचे उत्तर येथेच अडते, असे माझे मत आहे. आयची जहागीर गेल्यानंतर मॅलेट आडनाव दक्षिणेला सॉमरसेटमध्ये ठळकपणे दिसते. करी मॅलेट आणि शेप्टन मॅलेट या गावांच्या नावांत ते आजही आहे. सॉमरसेटचे हे मॅलेट आयच्या मॅलेटांचे भाऊबंद होते, असे घराण्याच्या वंशावळी सांगतात, परंतु मधल्या दोन पिढ्या जोडणारा निर्विवाद कागद पुढे आलेला नाही.

आडनावाचा प्रकारही लक्षात घ्यावा. ब्रूस हे ब्रि गावावरून आले, पर्सी आणि माँगमरी हीसुद्धा नॉर्मंडीतील स्थळांवरून आलेली आडनावे आहेत. मॅलेट हे तसे स्थळावरून आलेले नाही. ते एखाद्या पूर्वजाचे टोपणनाव होते आणि त्याचा संबंध बहुधा हातोड्याशी जोडतात. टोपणनाव एकाच वेळी दहा ठिकाणी दहा माणसांना पडू शकते. आपल्याकडे जसे वेगवेगळ्या गोत्रांचे आणि जातींचे कुलकर्णी केवळ आडनावावरून एका घरचे ठरत नाहीत, तसेच मॅलेटांचेही आहे.

घाटवाट
मोडीवाचक, मग सॉमरसेटचे मॅलेट नॉर्मन होते, हेही संशयास्पद मानायचे का?

मोडीवाचक
नाही. ते अँग्लो-नॉर्मन सरदारवर्गातले होते, याबद्दल शंका नाही. शंका आहे ती फक्त विल्यम मॅलेटांशी असलेल्या थेट नात्याबद्दल.

सुमेधा_लंडन
करी मॅलेटचे एक विल्यम मॅलेट या आडनावातील सर्वांत महत्त्वाचे पुरुष आहेत, असे मी म्हणेन. १२१५ मध्ये सरदारांनी राजा जॉनकडून मिळवलेल्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या अंमलबजावणीसाठी ज्या पंचवीस सरदारांची निवड झाली, त्यांत ते होते. तरुणपणी ते राजा सिंहहृदय रिचर्डबरोबर पॅलेस्टाइनमधील आक्र्याच्या वेढ्याला गेले होते. नंतर सॉमरसेट व डॉर्सेटचे शेरीफ झाले आणि राजा जॉनच्या काळात दोन हजार मार्कांच्या कर्जात अडकले. कर्ज फिटावे म्हणून १२१४ मध्ये त्यांनी स्वतःचे स्वार व शिपाई घेऊन फ्रान्समधील प्वातूच्या मोहिमेत चाकरी करण्याचे कबूल केले. ती मोहीम फसली आणि पुढच्या वर्षी ते बंडखोर सरदारांत सामील झाले.

मॅग्ना कार्टाविषयी लिहिताना स्वातंत्र्याची उदात्त भाषा वापरली जाते, ती अगदीच चुकीची नाही. तरी या एका माणसाच्या हिशेबाकडे पाहिले की राजाने सरदारांना कर्जाच्या कचाट्यात कसे धरून ठेवले होते आणि त्या सनदेत वारसाहक्क, कर्जवसुली, विधवांचे हक्क यांची कलमे एवढ्या आग्रहाने का आली, हे स्पष्ट होते.

दर्यावर्दी
शेप्टन मॅलेटविषयी एक भर घालतो. तेथील तुरुंग सतराव्या शतकातला असून तो २०१३ मध्ये बंद झाला. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असताना सरकारी अभिलेखागारातील मौल्यवान दस्तऐवज याच तुरुंगात सुरक्षित ठेवले होते आणि त्यांत डूम्सडे बुकही होते. ज्या ग्रंथात रॉबर्ट मॅलेटच्या जमिनी गावागणिक नोंदलेल्या आहेत, त्याने युद्धाची वर्षे मॅलेटांचे नाव लावणाऱ्या गावात काढली.

अनुराधा_व
दर्यावर्दी, ही माहिती वाचून फार आनंद झाला!

फ्रेंचवर्ग
चर्चा इंग्लंडकडेच झुकली आहे, म्हणून नॉर्मंडीत राहिलेल्या शाखेविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ते स्वतःला मॅलेट द ग्राव्हील म्हणवत (फ्रेंच उच्चार 'माले'). १२०४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नॉर्मंडी जिंकून घेतल्यावर इंग्लिश खाडीच्या दोन्ही बाजूंना जमिनी असलेल्या सरदारांना एक धनी निवडावा लागला. या घराण्याने फ्रान्सचा राजा निवडला.

एप्रिल १३५६ मध्ये फ्रान्सचा राजा जाँ दुसरा याने रुआँच्या किल्ल्यात भर मेजवानीत शिरून नाव्हारच्या राजाला पकडले आणि त्याच्या जवळच्या काही नॉर्मन सरदारांची त्याच दिवशी शहराबाहेर डोकी उडवली. त्यांत ग्राव्हीलचे जाँ मॅलेट होते. या घराण्याने नंतर पुन्हा इतके बस्तान बसवले की लुई मॅलेट द ग्राव्हील १४८७ मध्ये फ्रान्सचे अ‍ॅडमिरल झाले आणि मधला थोडा काळ सोडला तर १५१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पद त्यांच्याकडे होते. मार्कूसीचा त्यांचा वाडा त्या काळी नावाजलेला होता.

त्यांची धाकटी मुलगी आन द ग्राव्हील कवयित्री होती. तिने वडिलांच्या इच्छेविरुद्ध आपल्या नात्यातील पिएर द बाल्झाक याच्याशी लग्न केले. वडिलांनी तिला वारशातून वगळले, तेव्हा ती हक्कासाठी न्यायालयापर्यंत गेली. पुढे ती राणी क्लोदच्या परिवारात होती आणि राणीच्या सांगण्यावरून तिने पालामोन व आर्सिता यांची प्रेमकथा फ्रेंच पद्यात रचली. मला या आडनावातील सर्व माणसांत आन सर्वांत अधिक लक्षात ठेवण्याजोगी वाटते. अ‍ॅडमिरलांच्या मागे मुलगा उरला नाही, म्हणून ही मुख्य शाखाही मुलींकडून दुसऱ्या घराण्यांत गेली.

श्रीरंग_प
फ्रान्समधील जनरल मॅलेट याच घराण्यातले का? १८१२ मध्ये नेपोलियन रशियात असताना त्यांनी 'सम्राट मरण पावले' अशी खोटी बातमी पसरवून काही तासांसाठी पॅरिस ताब्यात घेतले होते.

फ्रेंचवर्ग
क्लोद फ्राँस्वा द मॅलेट हे पूर्वेकडील दोल या गावचे. नॉर्मंडीशी त्यांचा संबंध दाखवता येत नाही. २३ ऑक्टोबर १८१२ च्या पहाटे नजरकैदेतून निसटून, बनावट फर्मानांच्या बळावर त्यांनी पोलीसमंत्र्यालाच तुरुंगात टाकले. अखेर त्यांना ओळखणाऱ्या अधिकाऱ्याशी गाठ पडली आणि डाव उघडा पडला. २९ ऑक्टोबरला त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. मोडीवाचकांनी टोपणनावाबद्दल जे म्हटले आहे, त्याचे हे उत्तम उदाहरण मानता येईल.

भूशास्त्री
असाच घोटाळा भारतातही होतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फ्रेडरिक मॅलेट आणि भूकंपशास्त्राचा पाया घालणारे डब्लिनचे रॉबर्ट मॅलेट यांच्या आडनावात इंग्रजीत 'एल' दोनदा येतो. देवनागरीत लिहिताना तो फरक पुसला जातो आणि सगळे एकाच माळेत ओवले जातात.

सुमेधा_लंडन
इंग्लंडमधील पुढचा टप्पा सांगते. करी मॅलेटच्या विल्यम मॅलेटांच्या मागे मुली होत्या, त्यामुळे ती जहागीर जावयांकडे गेली. आडनाव टिकले ते बाजूच्या शाखांमुळे. त्यांतील एनमोरच्या शाखेत एलिझाबेथ मॅलेट जन्मली. मोठ्या इस्टेटीची ती एकुलती वारस होती. मे १६६५ मध्ये रॉचेस्टरचा तरुण अर्ल जॉन विल्मट याने लंडनच्या चेअरिंग क्रॉसजवळ तिची गाडी अडवून तिला पळवले, तेव्हा राजाने त्याला लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैद केले. त्या काळचा लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स याच्या रोजनिशीत ही घटना आहे. त्यानंतर दीड-पावणेदोन वर्षांनी तिने स्वतःच्या निर्णयाने त्याच अर्लशी लग्न केले. पालकांनी तिच्यासाठी श्रीमंत स्थळे पाहून ठेवली असताना तिने असे का केले, यावर बरेच लिहिले गेले आहे. दोघांच्या मृत्यूनंतर लगेच त्यांचा एकुलता मुलगाही गेला आणि एनमोरचे मॅलेट संपले.

मोडीवाचक
म्हणजे करी मॅलेट, ग्राव्हील आणि एनमोर या तिन्ही ठिकाणी मुख्य शाखा मुलींवर येऊन थांबली. पुण्याच्या मॅलेटांचा पूर्वज सापडतो तो पॉइंटिंग्टनच्या शाखेत. तेथील सर थॉमस मॅलेट हे न्यायाधीश होते. राजा आणि पार्लमेंट यांच्या संघर्षात १६४२ मध्ये पार्लमेंटने त्यांना टॉवरमध्ये टाकले आणि १६६० मध्ये राजसत्ता परत आल्यावर ते पुन्हा न्यायासनावर बसले. त्यांच्यापासून चार्ल्स मॅलेटांपर्यंतची वंशावळ चर्चच्या नोंदी व मृत्युपत्रे यांच्या आधाराने जुळते. चार्ल्स यांचे वडील सॉमरसेट-डॉर्सेटकडील पाद्री होते. मुलाने कंपनीच्या चाकरीत येऊन घराचे नाव वर काढले.

श्रीरंग_प
चार्ल्स मॅलेटांबद्दल अधिक लिहायला हवे. पुण्यात येण्याआधी ते खंबायतला होते. महादजी शिंद्यांची संमती मिळाल्याखेरीज पुण्यात वकील ठेवता येणार नाही, म्हणून १७८५ मध्ये सुरतेहून उज्जैन, ग्वाल्हेरच्या वाटेने ते महादजींच्या छावणीपर्यंत गेले. १७८६ मध्ये ते पुण्यात दाखल झाले. मुळा-मुठेच्या संगमावर त्यांची वसाहत उभी राहिली. १ जून १७९० रोजी टिपूविरुद्ध पेशव्यांशी तह झाला आणि त्याचे बक्षीस म्हणून पुढच्या वर्षी त्यांना बॅरोनेट किताब मिळाला. थॉमस डॅनियलने त्या तहाच्या दरबाराचे जे भव्य चित्र रंगवले, ते जेम्स वेल्स या चित्रकाराच्या पुण्यातील रेखाटनांवरून केलेले आहे. वेल्स १७९५ मध्ये साष्टीत लेण्यांची चित्रे काढत असताना वारले आणि त्यांची मुलगी सुझाना हिच्याशी मॅलेटांनी १७९९ मध्ये इंग्लंडमध्ये लग्न केले. पुण्यात असताना अंबर कौर नावाची स्त्री त्यांच्याबरोबर राहत होती व तिच्यापासून त्यांना मुले झाली होती, हेही सांगितले पाहिजे, कारण घराण्याच्या इतिहासात तिला जागा देण्याची पद्धत नव्हती.

मराठी माणसाने त्यांची आठवण ठेवावी, असे मला वाटते ते गंगाराम तांबटांमुळे. पुण्याच्या या कलावंताला मॅलेटांनी आश्रय दिला, वेरूळला पाठवले आणि तेथील लेण्यांची चित्रे करून घेतली. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे गंगारामांनी १७९० मध्ये काढलेले चित्र पाहावे. कातडीच्या घड्या, पायांची जाडी आणि डोळ्याखालची सुरकुती यांत समोर पाहून काढल्याची खूण आहे. ती चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत.

अनुराधा_व
गंगाराम तांबटांवर स्वतंत्र धागा निघावा, ही विनंती.

नेरळकर
अनुराधाताईंना अनुमोदन.

सुमेधा_लंडन
चार्ल्स यांच्या पुढच्या दोन पिढ्याही सांगायला हव्यात. थोरले चिरंजीव अलेक्झांडर फ्रांकफुर्टला ब्रिटनचे राजदूत होते. अलेक्झांडर यांचे पुत्र एडवर्ड १८७९ ते १८८३ या काळात इजिप्तमध्ये ब्रिटनचे प्रतिनिधी होते आणि पुढे बर्लिनला राजदूत झाले. आफ्रिकेच्या वाटणीसंबंधी १८८४-८५ मध्ये बर्लिनला जी परिषद भरली, तिच्यात ब्रिटनच्या बाजूने हेच एडवर्ड मॅलेट बसले होते. त्यांची पत्नी बेडफर्डच्या ड्यूकची मुलगी. ड्यूकच्या ब्लूम्सबरीतील जमिनीवर जो रस्ता झाला, त्याला मॅलेट स्ट्रीट हे नाव या जावयावरून मिळाले. लंडन विद्यापीठाचे सेनेट हाउस त्याच रस्त्यावर आहे.

दुर्गभ्रमर
सुमेधाताईंच्या प्रतिसादात एक गोष्ट राहिली आणि मूळ प्रश्नाच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. मी वर ज्या वासच्या पद्यबखरीचा उल्लेख केला, तिच्यातील इंग्लंडविजयाचा भाग याच अलेक्झांडर मॅलेटांनी इंग्रजीत अनुवादित करून १८६० मध्ये प्रसिद्ध केला. त्यांचे बंधू आर्थर मॅलेट मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत होते. त्यांनी १८८५ मध्ये घराण्याच्या इंग्लंडमधील शाखेचा कुलवृत्तान्त छापला. हेस्टिंग्जपासून पुण्यापर्यंत सलग रेषा आपल्यापुढे येते, ती मुख्यतः या दोन भावांच्या पिढीने परिश्रमपूर्वक आखलेली आहे. किताब नवा होता, पैसा कंपनीच्या चाकरीतून आलेला होता, आणि जुनी मुळे दाखवण्याची ओढ त्या काळच्या इंग्लंडमध्ये मोठी होती. त्यांनी खोटे काही रचले, असे मी म्हणत नाही, पण जेथे कागद तुटतो तेथे त्यांचा कल कोणत्या बाजूला असणार, हे उघड आहे.

मोडीवाचक
पूर्ण सहमत. इंग्लंडच्या शाखेच्या ढालीवर सोन्याचे तीन शिंपले असतात, तर ग्राव्हीलच्या शाखेच्या ढालीवर पट्ट्याची तीन सोनेरी बक्कले. ढालीवरची चिन्हे बाराव्या शतकात रूढ झाली, म्हणून या फरकावरून नाते नव्हते असे ठरत नाही. पण दोन्ही घराणी तोपर्यंत स्वतंत्र झाली होती, एवढे नक्की.

घाटवाट
सर्वांचे मनापासून आभार. आतापर्यंतच्या चर्चेवरून मी असे समजतो की ग्राव्हील ते आय हा दुवा भक्कम आहे, आय ते सॉमरसेट हा संभाव्य पण अप्रमाणित आहे आणि पॉइंटिंग्टनपासून पुणे व माथेरानपर्यंतचा पुन्हा भक्कम आहे. एक शंका मात्र राहते. कलेक्टरसाहेबांच्या नावात 'पॉइन्ट्झ' हे दुसरेच नॉर्मन आडनाव कोठून आले?

सुमेधा_लंडन
घाटवाट, मॅग्ना कार्टावाल्या विल्यम मॅलेटांच्या हेलेविस या मुलीच्या पतीचे नाव ह्यू पॉइन्ट्झ होते आणि करी मॅलेटची जहागीर पुढे पॉइन्ट्झ घराण्याकडे गेली. त्यांचा वंशज ह्यू पॉइन्ट्झ याला १२९५ मध्ये करी मॅलेटचा सरदार म्हणून पार्लमेंटचे बोलावणे आले होते. त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी चार्ल्स मॅलेटांच्या एका मुलाला नेमके तेच जोडनाव मिळावे, हा योगायोग असेल असे मला वाटत नाही. आर्थर यांचा कुलवृत्तान्त छापून येण्याच्या कितीतरी आधी, मुलांच्या बारशापासूनच हे घर सॉमरसेटच्या त्या जहागिरीवर आपला वारसा सांगत होते.